मावा खाणाऱ्याच्या घशातली गाठ

निपाणीच्या बाजूला घशाचं काही दुखणं निघालं की त्याचं निदान आधी कट्ट्यावर होतं, दवाखान्यात नंतर. कर्नाटकात, पण महाराष्ट्राच्या हद्दीला लागलेला हा तंबाखूचाच मुलूख. रानात तंबाखू, वखारीत तंबाखू, विड्या वळणाऱ्या बायकांच्या सुपात तंबाखू आणि पुरुषांच्या खिशात मावा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली आणि कर्नाटकात २०१३ साली बंदी आली. तंबाखू, सुपारी, चुन्याचा मावा मात्र पानपट्टीवर डोळ्यांदेखत घोटून मिळतो, त्याचं काही बिघडलं नाही. त्यामुळे दिवसाला सात-आठ पुड्या मावा खाणारा चौतीस वर्षांचा ट्रक ड्रायव्हर "गिळताना अडकल्यागत होतंय" म्हणाला, तेव्हा पुढचा शब्द कुणी तोंडातून काढायचीही गरज पडली नाही.

हे प्रकरण मी माझ्या चुकीसकट लिहितोय. रुग्णाची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. दुखणं कसं वाढत गेलं आणि आम्ही कुठं कुठं चकलो, तेवढंच इथं आहे.

वाया घालवलेली पहिली भेट

होळीच्या सुमारास तो माझ्याकडे येऊन गेला होता. पोटावर, पाठीवर फिकट तांबूस डाग, थोडे तळहातांवरही. खाज नाही, ताप नाही. "केबिनमध्ये इंजिनची धग बसतीया, डॉक्टर," असं कारण त्यानंच दिलं आणि मला ते पटलं. बाहेर बाक भरलेला. गेली काही वर्षं आमच्याकडे नायट्याचं पीकच आलंय, मेडिकलमधून स्टेरॉइडची मलमं आणून लोकांनी तो चिघळवून ठेवलाय, त्यामुळे अंगावर डाग म्हणजे नायटा नाहीतर ॲलर्जी, अशी माझ्या नजरेला सवय लागलेली. सेट्रिझिन लिहून दिली, मलम दिलं, पुढचा पेशंट.

दोन गोष्टी तिथंच खटकायला हव्या होत्या. नायटा खाजतो, हे डाग खाजत नव्हते. आणि तळहातावर पुरळ उठवणारे आजार बोटांवर मोजण्याइतके आहेत. एमबीबीएसच्या तोंडी परीक्षेत मला नेमका हाच प्रश्न आला होता आणि मी उत्तर बरोबर दिलं होतं.

पाडव्यानंतर त्याचा घसा धरला. माझ्याकडे न येता तो भावाबरोबर थेट कोल्हापूरला गेला. आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे कोल्हापूर, मिरज नाहीतर बेळगाव. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय कोल्हापुरात काउंटरवर कन्नड बोलावं लागत नाही, हेही खरं. तिथल्या घशाच्या तज्ज्ञांना दिसलं ते असं: उजवा टॉन्सिल सुजून पुढं आलेला, हाताला घट्ट, त्यावर राखाडी पापुद्र्याची जखम. दुखत नाही. मानेत दोन्हीकडे गाठी. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, म्हणजे सुपारीनं आलेला सबम्युकस फायब्रोसिस, जो स्वतःच कॅन्सरच्या उंबऱ्यावरचा आजार. असा माणूस समोर आल्यावर कॅन्सर धरून चालणं आणि तुकडा काढणं हेच योग्य, आणि त्यांनी तेच केलं. त्यांच्याकडे बोट दाखवायला मला जागा नाही.

तुकड्याचा रिपोर्ट मात्र अधांतरी आला. नेहमीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी नाहीत. लसिकापेशींची अतोनात वाढ, प्लाझ्मा पेशी भरपूर, 'लिम्फोमा नाकारता येत नाही, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करावी.' म्हणजे लसिकापेशींचाच कॅन्सर असू शकतो, पेशींची जात ओळखणारी पुढची तपासणी करा. तोवर पेट स्कॅन झाला. टॉन्सिल, मान, काखा, जांघा, सगळीकडच्या गाठी उजळल्या होत्या, आणि स्कॅनवाल्यांनीही लिम्फोमाचीच शक्यता वर लिहिली. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखं एक द्रव्य शिरेतून देतात आणि ज्या पेशी ती अधाशासारखी ओढून घेतात त्या चमकतात. कॅन्सरच्या पेशी अधाशी असतात. जंतूंशी झुंजणारी गाठही तितकीच अधाशी असते. चमकण्यावरून दोघांमधला फरक कळत नाही.

घरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. बायको सातव्या महिन्यात. डोहाळजेवण ठरलं होतं ते रद्द. तिचं गंठण सौहार्द सोसायटीत गहाण, त्यातून स्कॅनचे पैसे. थोरला भाऊ 'टाटाला न्यावं' म्हणत होता, मेव्हणा बार्शीच्या कॅन्सर इस्पितळाचं नाव घेत होता, आणि म्हातारी कुणाशी बोलत नव्हती. मुंबईला जायचं की इथंच, एवढं विचारायला दोघे भाऊ फाइल घेऊन माझ्याकडे आले.

कोपरावरची गाठ

फाइल पुढं सरकवताना ड्रायव्हरचे दोन्ही तळवे माझ्या टेबलावर आले. डाग अजून होते. तांब्याच्या भांड्याचा असतो तसला रंग, कडेला बारीक सालपट. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर दाढी जागोजागी कसर लागल्यासारखी विरळ झालेली. हात कोपरात वाकवायला सांगितला आणि कोपराच्या वर, दंडाच्या आतल्या बाजूला बोटं फिरवली. हरभऱ्याएवढी, रबरासारखी गाठ हाताला लागली. दुसऱ्या हातालाही तशीच.

घशातला कॅन्सर कोपरापाशी गाठ उठवायला जात नाही. लिम्फोमा एखाद्या वेळी जाईलही. पण तळहातावरचे डाग, झडलेली दाढी, घशातली न दुखणारी जखम आणि कोपरावरची गाठ अशी चौकट जुळली की एक जुना बहुरूपी आठवायलाच हवा. आमच्याकडे त्याला गरमी म्हणतात. पुस्तकात उपदंश, इंग्रजी डॉक्टरीत सिफिलिस. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात त्याचं नाव 'फिरंग' असं आहे, कारण तो फिरंग्यांबरोबर आला. चोर्ला घाट उतरला की गोवा, तेव्हा आमच्या भागाला हे नाव फारसं लांबचं नाही. जंतू सापडला तो १९०५ साली बर्लिनमध्ये, शाउडिन आणि हॉफमन यांना. मळसूत्रासारखा बारीक, नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली सहसा न दिसणारा.

भावाला मी औषधाच्या दुकानात पाठवलं. काम तसं काही नव्हतं.

"एक विचारतो. संक्रांतीच्या आसपास खाली कुठं फोड, जखम असलं काही झालं होतं?"

बराच वेळ तो पंख्याकडे बघत बसला. "झाली हुती एक. दुखत न्हवती म्हणून मी बी ध्यान दिलं न्हाई. मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्त्या. गेली आपसूक."

गोळ्यांनी गेली नव्हती. गरमीची पहिली जखम संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी उठते (कधी दहा दिवसांत, कधी तीन महिन्यांनी), दुखत नाही, आणि औषध घ्या न घ्या, तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. माणूस सुटलो म्हणतो. तेवढ्यात जंतू रक्तातून अंगभर गेलेले असतात आणि पुढच्या काही आठवड्यांत अंगावर डाग, तोंडात चट्टे, गाठी, केस झडणं असं काहीही निघतं. माझ्याकडे होळीला आलेले डाग ते हेच.

कुणाकडून झालं, हे मी विचारलं नाही. कुणाकुणाला कळवायला हवं, तेवढं विचारलं. आमच्या भागात गुप्तरोग म्हटलं की लोकांचं बोट झटकन यल्लम्माच्या सौंदत्तीकडे, तिथल्या देवदासींकडे वळतं. देवदासी सोडण्यावर कर्नाटकात १९८२ साली कायद्यानं बंदी आली, त्या बायकांनी स्वतः संघटना बांधल्या, पण बोट काही खाली येत नाही. ह्या माणसाच्या गोष्टीचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. ती हायवेवरची गोष्ट होती, आणि ती त्याची आहे.

निगेटिव्ह रिपोर्टचं काय?

इथं एक अडचण होती. तुकडा काढण्याआधीच्या रक्ततपासण्यांमध्ये व्हीडीआरएल, म्हणजे गरमीची नेहमीची रक्ततपासणी, केलेली होती आणि रिपोर्ट स्वच्छ 'नॉन-रिॲक्टिव्ह'. फाइल पाहणाऱ्या प्रत्येकानं तो कागद पाहिला असणार आणि गरमीचा विचार, आला असेल तर, तिथंच सोडून दिला असणार.

व्हीडीआरएल ही तपासणी रक्तातल्या प्रतिपिंडांनी, म्हणजे आजाराशी लढायला शरीरानं बनवलेल्या प्रथिनांनी, तपासणीच्या द्रवातले कण एकमेकांना बांधून गुठळी केली की 'आहे' म्हणते. एक प्रतिपिंड दोन कणांना धरतं, तेव्हा गुठळी होते. गरमीच्या दुसऱ्या अवस्थेत, म्हणजे अंगावर डाग उठलेले असताना, कधी कधी प्रतिपिंडांचा इतका सुळसुळाट होतो की प्रत्येक कण वेगवेगळा झाकला जातो, कुणाला कुणाशी बांधायला मोकळी जागाच उरत नाही. गुठळी होत नाही. रक्त न पातळ करता तपासलं तर आजार ऐन भरात असताना रिपोर्ट निगेटिव्ह येतो. याला प्रोझोन म्हणतात. शंभरातल्या एखाद-दुसऱ्याच रुग्णात हे होतं, पण झालं की दिशाभूल पुरती होते.

मी मिरजेच्या एका ओळखीच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना फोन लावला. रक्त पातळ करून पुन्हा बघा, आणि टीपीएचए ही गरमीच्या जंतूची खास रक्ततपासणीही करा म्हटलं. संध्याकाळी त्यांचाच फोन. "अहो, एकास एकशे अठ्ठावीसपर्यंत पातळ केलं तरी रिॲक्टिव्ह आहे. टीपीएचए पण पॉझिटिव्ह. तुमच्या त्या तुकड्याच्या स्लाइड मागवा, प्लाझ्मा पेशी रक्तवाहिन्यांभोवती गोळा झाल्यात का बघते." स्लाइड आल्या. झाल्या होत्या. जंतूसाठीचा खास रंगही त्यांनी करून घेतला आणि तोही पॉझिटिव्ह आला. तोंडात निरुपद्रवी चुलतभाऊ जंतू एरवीही राहतात, म्हणून तोंडातल्या जखमेच्या बाबतीत नुसत्या जंतूंच्या दर्शनावर विसंबायचं नसतं. रक्त आणि तुकडा दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते म्हणून आम्ही निश्चिंत झालो. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीतही पुढं लिम्फोमा नाही असंच आलं. एचआयव्ही निगेटिव्ह, संसर्गानंतर काही आठवडे तो रक्तात दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायचा ठरवला.

"कॅन्सर असता तर बरं झालं असतं"

दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याला बोलावलं. कॅन्सर नाही म्हणून सांगितलं. काय आहे तेही सांगितलं. मला वाटलं होतं, माणूस हात जोडेल, रडेल. तो म्हणाला, "कॅन्सर असता तर बरं झालं असतं, डॉक्टर."

मी रागावलो. नंतर घरी जाताना लक्षात आलं की त्याचं म्हणणं अगदीच वेडेपणाचं नव्हतं. कॅन्सर म्हणून भाऊ रजा काढून आला होता, मित्रांनी वर्गणी काढायची तयारी केली होती, देवळात अभिषेक झाला होता. गावानं त्याला आजारी माणूस म्हणून मान दिला होता. गरमी म्हटल्यावर ह्यातलं काय उरणार? चार महिन्यांत दोन दवाखाने आणि एक स्कॅन सेंटर झालं, आणि एकानंही, माझ्यासकट, त्याला त्याच्या शरीरसंबंधांबद्दल विचारलं नव्हतं. मावा किती खातोस हे प्रत्येकानं विचारलं होतं. त्याचं उत्तर सोपं होतं आणि ऐकायला आम्हालाही सोपं होतं.

अशा चुका घशापुरत्याच होत नाहीत. गुदाशयातली गरमी किंवा क्लॅमिडिया जंतूच्या एका जातीनं होणारा एलजीव्ही हा गुप्तरोग गुदाशयाच्या कॅन्सरसारखा दिसतो, दुर्बिणीतून पाहिल्यावरसुद्धा. ओटीपोटात जंतुसंसर्गानं गळू झालेल्या बाईची सोनोग्राफी आणि रक्तात वाढलेला सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरच्या संशयात पाहतात तो आकडा) पाहून अंडाशयाचा कॅन्सर समजून पोट उघडल्याची उदाहरणं आहेत. आणि डोनोव्हॅनोसिस हा गुप्तरोग तर आपल्याच देशात ओळखला गेलेला: चार्ल्स डोनोव्हन यांनी १९०५ साली मद्रासमध्ये त्याचे कण दाखवले. त्याची लालबुंद, मांसल, पसरत जाणारी जखम पुरुषाच्या इंद्रियावर आली की कॅन्सर वाटून शस्त्रक्रियेची तारीख पडायला वेळ लागत नाही, खरं तर काही आठवड्यांच्या ॲझिथ्रोमायसिननं ती भरते. उलटही घडतं, गोळ्या देत बसायचं आणि आतला कॅन्सर वाढत जायचा. म्हणून तुकडा काढूच नये असं मी म्हणत नाही. तुकड्याबरोबर रक्त आणि प्रश्नही जावेत, एवढंच.

दोन फाइली, दोन राज्यं

खरी घाई त्याची नव्हती, तिची होती.

कर्नाटकात गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून 'तायी कार्ड' मिळतं. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. आमच्याकडच्या बायका ते 'ताई कार्ड' म्हणूनच सांभाळतात. तिच्या कार्डावर व्हीडीआरएलच्या ओळीत जानेवारीची तारीख आणि 'निगेटिव्ह'. तेव्हा ती अकरा आठवड्यांची होती आणि रिपोर्ट खराच होता. तिला संसर्ग झाला तो त्यानंतर. पहिल्या तिमाहीत एकदा झालेली तपासणी पुढं कुणी पुन्हा केली नव्हती. नवऱ्याची फाइल कोल्हापुरात, मराठी-इंग्रजीत. तिचं कार्ड कर्नाटकातल्या आरोग्य केंद्रात, कन्नडमध्ये. मधे कोगनोळीचा टोलनाका. ह्या दोन कागदांची गाठ पडायची शक्यताच नव्हती.

"तिला ताकतीचं इंजेक्शन म्हणून द्या की," तो म्हणाला.

नाही म्हटलं. मी तिला परस्पर काही सांगणार नाही, पण खोटंही सांगणार नाही. तिच्यावर उपचार झाले नाहीत तर बाळ पोटातच जाऊ शकतं किंवा आजार घेऊन जन्माला येऊ शकतं. "उद्या दोघं या. तू बोल, मी शेजारी बसतो."

बोलला. तुटक बोलला, पण सगळं बोलला. ती खाली बघत ऐकत होती. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाळाला काय न्हाई न्हवं?" लवकर इंजेक्शन घेतलं तर बहुतेक काही होणार नाही, म्हटलं. त्यावर नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "मग त्याला सांगा डॉक्टर, माझं गंठण सोडवून आण म्हणावं. स्कॅन काय मी सांगितला न्हवता."

तिचं रक्त एकास सोळा रिॲक्टिव्ह आलं. अंगावर कुठंच काही नाही.

औषध ऐकून भावाचा विश्वास बसेना. बेंझाथिन पेनिसिलिन, चोवीस लाख युनिट, एकदाच. बारा लाखांच्या दोन बाटल्या, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. गरमीवर पेनिसिलिन १९४३ पासून चालतंय आणि जंतूला अजून त्याची तोड सापडलेली नाही. गरोदरपणात तर बाळापर्यंत खात्रीनं पोचणारं दुसरं औषध नाही. अडचण औषधाची नसते, टोचणाऱ्याची असते. पेनिसिलिनच्या रिॲक्शनच्या भीतीनं आमच्यातले कितीतरी जण ते ठेवतच नाहीत, मीही ठेवत नव्हतो. नवराबायकोला सरकारी इस्पितळातल्या सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्याला, पाठवलं. तिथं ते फुकट मिळतं, आणि समुपदेशक बाई मराठी बोलणाऱ्या निघाल्या. तिला एक रात्र ठेवून घेतलं, कारण एकदम मेलेल्या जंतूंनी पहिल्या चोवीस तासांत ताप चढतो आणि सातव्या महिन्यात त्यानं कळा सुरू होऊ शकतात. तिला काही झालं नाही. ताप त्याला भरला, थंडी वाजून, आणि इंजेक्शननं मारलं म्हणून त्यानं मला रात्री अकराला फोन केला.

दहा दिवसांत टॉन्सिलची जखम बुजली. महिन्याभरात मानेतल्या गाठी चाचपाव्या लागत होत्या. थोरल्या भावाला आम्ही 'जंतूची गाठ होती' एवढंच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. गावात अजून 'घशाचा कॅन्सर अमक्या बुवाच्या औषधानं गेला' असं सांगतात. त्या बुवाकडे पेशंट वाढले असतील.

आषाढात मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, सर्दी नाही, अंगावर काही नाही. आईचं रक्त तेव्हा एकास चार, मुलीचं एकास दोन. आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळात येतात, त्यामुळे बाळाचा आकडा नुसता पॉझिटिव्ह असून भागत नाही. तो आईच्या चौपट असेल तर काळजी. तरी तिला पेनिसिलिनचा एक डोस दिला. सहाव्या महिन्यात तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तिचं कार्ड मी माझ्या हातानं मराठीतही भरलं, तिकडच्या सिस्टरना ते आवडलं नाही.

बापाचा आकडा सहा महिन्यांत एकशे अठ्ठावीसवरून आठवर आला. चौपटीनं उतरला तरी पुरे असतं. हा सोळापटीनं उतरला. एचआयव्ही पुन्हा निगेटिव्ह. तोंड मात्र अजून दोन बोटंच उघडतं. टॉन्सिल भरून आला म्हणून सुपारीनं आवळलेला गाल सैल होत नाही, आणि ह्या माणसाला पुढं कधी खरंच तोंडाचा कॅन्सर होण्याची भीती गरमीनं कमी केलेली नाही. दर तीन महिन्यांनी तोंड दाखवायला ये म्हटलंय. परवा आला तेव्हा खिशातली मावाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "ही शेवटची, डॉक्टर."

"रोजच शेवटची असतीया," मुलीला खांद्यावर थोपटत ती म्हणाली. गळ्यात काळ्या मण्यांची पोत होती. गंठण अजून सोसायटीतच आहे.